सबनीस आणि पंधरा जणांची दोन विमानं

सबनिसांनी माझे इतके शनिवार खाल्ले आहेत, की त्यांच्याविषयी चार चांगले शब्द लिहायला बसलो तरी आधी दात-ओठ खावेसे वाटतात. ते खाऊन झाले, की मग लिहिता येतं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. डेट्रॉइटच्या पश्चिमेला मोटारींच्या कारखान्यांचे पार्किंग लॉट संपून मक्याची शेतं सुरू होत, तिथे एक लहानशी धावपट्टी होती. शेजारी पत्र्याचं हँगर आणि त्यात चार-चार आसनांची दोन विमानं, एक लाल पट्ट्याचं, एक निळ्या पट्ट्याचं. ही विमानं पंधरा जणांच्या मालकीची होती. त्यात एक दातांचा डॉक्टर होता, एक किराणा दुकानदार, दोन शेतकरी, आणि बाकी बहुतेक मोटारीच्या धंद्यातले. प्रत्येकाने एकेक हिस्सा घेतलेला. भिंतीवरच्या कॅलेंडरवर नाव लिहायचं, आपल्या पाळीला विमान न्यायचं, आणून धुऊन-पुसून ठेवायचं. हँगरमागचं गवतसुद्धा सभासदांनीच कापायचं. मला ही कल्पना भारी आवडली होती. ओहायोमध्ये शिकत असताना मी वर्षभर दहीभातावर काढून विमान चालवायचं लायसन्स मिळवलं होतं, आणि नोकरीसाठी मिशिगनला आल्यावर मला आकाश दिसत होतं पण विमान मिळत नव्हतं. क्लबात एक जागा रिकामी झाली होती. नव्या माणसाला घ्यायचं तर जुन्या सभासदाची शिफारस लागे.

मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, कुणीतरी म्हणालं, "अरे, आपले सबनीस आहेत ना तिथे! नागपूरचे. फोन कर."

आपला मराठी माणूस आहे म्हटल्यावर मी हरखून गेलो. त्या हरखण्याचा मला पुढे फार पश्चात्ताप झाला.

फोनवर त्यांनी मला किती तास उडवलंय, कुठे शिकलास, काही विचारलं नाही. म्हणाले, "विमान धुता येतं का?"

"येईल की."

"शनिवारी आठला ये. जुने कपडे घालून."

पहिल्या शनिवारी त्यांनी मला चाकं लावलेल्या एका फळीवर उताणं झोपवलं आणि विमानाच्या पोटाखाली ढकलून दिलं. विमानाच्या पोटाला तेल, धूळ आणि मेलेले किडे यांचा एक थर बसतो. तो मी तीन तास खरवडत होतो. झाल्यावर सबनीस टॉर्च घेऊन खाली वाकले आणि दोन मिनिटांनी म्हणाले, "हे इथे राहून गेलं." ते जिथे राहून गेलं होतं, ते ठिकाण जगात त्यांच्याशिवाय कुणालाही कधीही दिसलं नसतं. असे तीन शनिवार झाले. चौथ्या शनिवारी म्हणाले, "हॅरल्डशी बोलतो मी." हॅरल्ड म्हणजे क्लबाचा अध्यक्ष, शाळेत सुतारकाम शिकवून रिटायर झालेला उंच, संथ माणूस. त्याने माझ्याशी हात मिळवला आणि हळूच विचारलं, "किती आठवडे धुवायला लावलं?" मी तीन म्हटल्यावर तो म्हणाला, "मग तू त्याला आवडला आहेस. दातांच्या डॉक्टरला सहा लागले."

सबनीस तेव्हा पन्नाशीला आलेले. बुटके, सडसडीत, पँट घोट्याच्या वीतभर वर. शर्टाच्या खिशात टॉर्च, टायरची हवा मोजायची नळी आणि दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा दांडीवाला छोटा आरसा. जिथे डोळा पोचत नाही तिथे हा आरसा जायचा. नोकरी एका मोटार कंपनीच्या ब्रेक तपासायच्या विभागात. म्हणजे दिवसभर चांगले ब्रेक निकामी करून दाखवायचे आणि त्याचा पगार घ्यायचा. तीस-तीस मैल गाडी हाकून हा माणूस शनिवारी हँगरवर यायचा तो आराम करायला नव्हे, दोष शोधायला. त्यांना सगळ्यात जास्त तिटकारा 'चालतं' या शब्दाचा.

"चालतं म्हणजे काय? चालून राहिलं म्हणून चालू द्यायचं का?"

हँगरच्या दाराला सुतळीने एक वही टांगलेली होती. विमानात काही बिघाड दिसला तर सभासदाने त्यात लिहायचा. एकदा लिहिला, की मेकॅनिक येऊन सही करेपर्यंत ते विमान जमिनीवर. नियम उत्तम होता. मेकॅनिक मंगळवारी यायचा. बाकीचे चौदाजण मिळून महिन्यातून एखादी ओळ लिहीत. सबनीस दर शनिवारी लिहीत. देखभालीची जबाबदारी क्लबाने त्यांच्याकडेच दिलेली, त्यामुळे बोलायची सोय नाही. उजव्या आसनाच्या ॲशट्रेचं झाकण सैल आहे, विमान जमिनीवर. मागच्या दाराच्या रबराला वास येतो, विमान जमिनीवर. ऑक्टोबरातला शनिवार, झाडं लाल-पिवळी झालेली, आकाश असं निळं की वर्षातून दोनदा मिळावं, दोन आठवड्यांपूर्वी कॅलेंडरवर माझं नाव लिहिलेलं, आणि मी पोचतो तर सबनीस वहीत ओणवे होऊन लिहितायत. मी विचारलं, "आता काय?"

"घड्याळ चार मिनिटं मागे आहे."

"अहो, माझ्या मनगटावर आहे ना घड्याळ!"

"तुझ्या मनगटाचं वहीत लिहू का?"

मी तसाच घरी परतलो आणि दिवसभर बायकोवर, मीनावर, विनाकारण खेकसलो.

आणखी एकदा तर त्यांनी कहर केला. सगळं तपासून, सबनिसांचे सगळे प्रश्न पार करून मी धावपट्टीच्या टोकाशी पोचलो होतो. थ्रॉटल पुढे ढकलणार, तोच रेडिओवर आवाज आला, तोही शुद्ध मराठीत: "अरविंद, परत ये." पन्नास मैलांतल्या सगळ्या वैमानिकांनी ते ऐकलं असणार. चाक निखळलं, तेल गळतंय, काय झालं? मी वळून हँगरपाशी आलो, इंजिन बंद केलं. सबनीस शांतपणे माझ्या दाराशी आले.

"पट्ट्याचं टोक दाराबाहेर लोंबून राहिलं."

"त्याने विमान पडतं का?"

"पडत नाही. रंग जातो."

माझ्या ओठांवर जे शब्द आले होते ते इथे छापण्यासारखे नाहीत. मी पट्टा आत घेतला.

हे दुखणं हँगरपुरतं असतं तरी सोसलं असतं. पण सबनीस मंडळातही यायचे. त्या वर्षी आमचा गणेशोत्सव एका शाळेच्या हॉलमध्ये होता. दोनशे माणसं, आरती, जेवण, मग नाटक. चहासाठी तीस लिटरचं मोठं विजेचं भांडं मागवलेलं. सबनिसांनी त्याच्या प्लगला हात लावून पाहिला, तो गरम लागला, आणि पाचव्या मिनिटाला भांड्यावर मराठीत आणि इंग्रजीत कागद चिकटला: 'वापरू नये.' दोनशे मराठी माणसं चहाशिवाय नाटकाला बसली. नाटक सुरू व्हायच्या आधी ते आरसा घेऊन स्टेजखाली शिरले. नायिका नऊवारी नेसून पंधरा मिनिटं विंगेत उभी. सेक्रेटरी माझ्यावर उखडला, "यार, तुझ्या क्लबचा माणूस आहे ना तो? आवर त्याला!" जणू मीच त्यांना पाळून आणलं होतं.

मी सबनिसांच्या बायकोकडे, नलिनीवहिनींकडे, तक्रार करायला गेलो. त्या हसून म्हणाल्या, "तुम्ही आठवड्यातून एकदा भेटता भाऊजी. आमचा टोस्टर फेब्रुवारीपासून बंद करून ठेवलाय. मी ब्रेड तव्यावर भाजते."

मे महिन्यात माझे वडील आले. नाना सांगलीच्या एसटी डेपोच्या वर्कशॉपमध्ये फोरमन होते. रिटायर होऊन सहा वर्षं झाली होती. आई गेल्यावर प्रथमच ते घर सोडून निघाले होते, तीन महिन्यांसाठी. अमेरिकेत त्यांना काही बघायचं नव्हतं. ना धबधबा, ना उंच इमारती. त्यांना मुलाने चालवलेल्या विमानात बसायचं होतं. निघताना गल्लीत सगळ्यांना सांगून आले होते. "पोरगा स्वतः चालवणार, मी शेजारी बसणार." हे वाक्य त्यांनी विमानतळापासून घरी येईतो मला तीनदा ऐकवलं. मुंबईला येताना त्यांच्या छातीत दुखलं होतं आणि ते कुणाला सांगितलं नव्हतं, हे मला मागाहून कळलं. एवढा प्रवास करून ते पुन्हा कधी येणार नव्हते. ते त्यांना ठाऊक होतं, आणि मलाही.

पहिला ठरवलेला शनिवार वाऱ्याने गेला. वारा खरंच होता, ते मी मान्य करतो. दुसऱ्या वेळी सबनिसांना इंजिनापुढचा एक पट्टा पटला नाही. तिसऱ्या वेळी पाऊस. चौथ्या वेळी वही. मी कॅलेंडरवर नाव लिहायचो आणि नाना दर शनिवारी पहाटे पाचला उठून दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, बूट पुसून सोफ्यावर बसायचे. दुपारी परत येताना गाडीत माझी बडबड चालायची: हा माणूस मुद्दाम करतो, ह्याला दुसऱ्याचा आनंद बघवत नाही.

गंमत म्हणजे नाना खूश असायचे. विमान बंद म्हटल्यावर ते इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या दुमडून सबनिसांबरोबर इंजिनाच्या झाकणात डोकं घालायचे. दोघांचे हात काळे, दोघं एका आरशात बघतायत. एक बोल्ट हातात धरून अर्धा-अर्धा तास चर्चा. एकदा घरी येताना नाना म्हणाले, "तुझे हे सबनीस आमच्या डेपोत असते, तर एक गाडी वेळेवर सुटली नसती."

"तेच म्हणतोय मी!"

"पण घाटात कुणी अडकलंही नसतं," असं म्हणून ते खिडकीबाहेर बघत बसले.

ऑगस्ट उजाडला. दुसऱ्या रविवारचं नानांचं परतीचं तिकीट. त्याच्या आदल्या आठवड्याचा शनिवार मिळाला, आणि तो असा स्वच्छ, की सबनिसांनासुद्धा आकाशात दोष सापडेना. मी आणि सबनिसांनी लाल पट्ट्याचं विमान बाहेर ओढलं. ओढायला एक लोखंडी दांडा असतो, तो पुढच्या चाकाला अडकवायचा. त्याला टो-बार म्हणतात. बाहेर आणल्यावर सबनिसांनी दांडा काढला आणि गवतात ठेवला. मग टाक्यांतलं पेट्रोल थोडं थोडं पारदर्शक नळीत काढून पाणी नाही ना ते बघितलं. मी बघितलं होतं, त्यांनी परत बघितलं. तेल मी बघितलं, त्यांनी परत बघितलं. नाना उजव्या आसनावर पट्टा बांधून, हात गुडघ्यावर ठेवून बसलेले.

"नाक जरा डावीकडे कर," सबनीस म्हणाले. "धूळ हँगरात जाईल. आणि नानांना पुढचं दिसून नाही राहिलं, मी उशी आणतो." ते आत गेले.

मी दांडा परत अडकवला, नाक वळवलं. आतून आवाज आला, "पेट्रोलची झाकणं बघितलीस?"

"बघितली!"

"हाताने फिरवून?"

हा प्रश्न त्या सकाळी त्यांनी तिसऱ्यांदा विचारला होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी दांडा तसाच सोडला, पायरीवर चढलो, पंखावरची झाकणं करकचून फिरवली, त्यांना ऐकू जाईल अशी थापटली, पलीकडच्या बाजूने उतरलो आणि माझ्या जागेवर बसलो. सबनिसांनी येऊन नानांच्या पाठीशी उशी दिली, दार लावलं, मागे जाऊन उभे राहिले. आत बसलं की नाकाखालचं काही दिसत नाही. त्यांना वाटलं, नाक मी शेपटी दाबून वळवलं असेल, दांडा तर त्यांनी मघाशीच काढून ठेवलाय. मला काहीच वाटलं नाही, मला फक्त निघायचं होतं. मी चावी फिरवली.

तो आवाज मी विसरलेलो नाही. पंख्याचं पातं दांड्यावर बसलं, दांडा वीस फूट लांब गवतात जाऊन पडला, विमान थरथरलं आणि इंजिन बंद पडलं. पात्याचं टोक दुमडलेलं. म्हणजे पंखा गेला, आणि इंजिन पूर्ण उघडून बघितल्याशिवाय ते विमान आता काही महिने हलणार नव्हतं.

आता मला सबनिसांकडून काय काय ऐकावं लागणार, याची मी वाट बघत बसलो. त्यांनी आधी नानांचं दार उघडलं. "नाना, लागलं का कुठे?" नानांना लागलं नव्हतं. त्यांनी नानांना हात धरून उतरवलं, सावलीत खुर्ची दिली, पाणी दिलं. मग गवतातून दांडा उचलून आणला, बघितला आणि वहीशी गेले. मी मागून गेलो. त्यांचं अक्षर बारीक आणि सरळ. त्यांनी लिहिलं होतं, 'नाक वळवण्यासाठी दांडा परत मी अडकवला आणि काढायला मीच विसरलो.' खाली सही, सबनीस.

"अहो, हे काय लिहिलंत? तुम्ही आत होतात."

"गप्प बस. तुझं पहिलं वर्ष आहे ना? पहिल्या वर्षात हातून नुकसान झालं तर नाव काढून टाकतात. नियम वाचला नाहीस?"

"वाचलाय."

"आणि नाना पुढच्या रविवारी जाऊन राहिले. निळं विमान चांगलं आहे. बुधवारची मीटिंग होऊ दे."

"पण सबनीस..."

"उशी आत ठेवून ये."

वहीत कधी अर्धा शब्द खोटा न लिहिलेला माणूस. ॲशट्रेच्या झाकणाचं खरं लिहिणारा. मी उशी आत ठेवून आलो.

बुधवारी संध्याकाळी हँगरमध्ये घडीच्या खुर्च्या मांडून मीटिंग झाली. विम्याचं वगैरे झाल्यावर हॅरल्डने विचारलं, "पण डाव्या आसनावर कोण होतं? बघून घेणं त्याचं काम होतं." बरोबरच विचारलं होतं त्याने. सबनीस उभे राहिले.

"मी त्याला सांगितलं, विमान तयार आहे. माझ्या शब्दावर त्याने चावी फिरवली. या क्लबात माझ्या शब्दावर कुणी विसंबला तर तो दोष त्याचा का?"

मग दातांच्या डॉक्टरने सुचवलं, की सबनिसांनी देखभालीचं काम सोडावं आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत विमान चालवू नये. हात वर करा म्हटल्यावर हात भराभर वर गेले. चांगले उत्साहाने गेले. इतक्या शनिवारांचा वचपा काढायची अशी संधी परत कुठली येणार? त्या माणसांना मी दोष देत नाही. मीच त्यांच्याबरोबर कितीदा सबनिसांची टिंगल केली होती. मी दोन्ही हात खिशात घालून बसलो. उठून खरं सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. मला शनिवार हवा होता.

शनिवार मिळाला. निळ्या पट्ट्याच्या विमानातून मी नानांना वर नेलं. खाली मका, तळी, कारखान्यांची लांबलचक छपरं. नाना पहिली पाच मिनिटं इंजिनाचा आवाज ऐकत होते, मग खाली बघायला लागले. तीन महिने ज्या क्षणासाठी धडपडलो तो हाच. तळ्यावरून वळलो, तेव्हा ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "अरविंदा, दांडा परत तू लावला होतास."

"हो."

"नाक वळवताना तुझं डोकं दिसत होतं मला काचेतून. वाटलं, काढला असशील." मग म्हणाले, "वीस वर्षं फोरमनकी केली मी. पोरांच्या चुका कधी माझ्या अंगावर घेतल्या नाहीत. उलट नावं वर कळवली."

नंतर नाना तळ्यांची नावं विचारू लागले, आणि मी सांगत गेलो. उतरलो तेव्हा सबनीस हँगरच्या दारात उभे होते.

"टेकवताना एकदा उडालास," ते म्हणाले. "फ्लॅप उशिरा काढून राहिला तू." मी त्यांच्याशी बोलायला पुढे झालो, तोवर ते आरसा घेऊन चाकाखाली गेले होते. नाना त्यांच्यापाशी गेले, आणि दोघं बराच वेळ चाकाशी बसून होते. काय बोलले ते मला कुणीच सांगितलं नाही.

एवढं झाल्यावर तरी माझी त्यांच्यावरची चिडचिड संपायला हवी होती. संपली नाही, वाढली. उपकार करणारा माणूस जरा मवाळ असता तर आभार मानता आले असते. सबनीस दर शनिवारी तीस मैल गाडी हाकून यायचे, विमान चालवायची बंदी, देखभालीचं काम काढून घेतलेलं, तरी यायचे. आता ते वहीत लिहायचे नाहीत, माझ्या कानाशी येऊन सांगायचे. "त्या टायरकडे बघून घे." "ती तार मला पटली नाही." कडाक्याच्या थंडीत, हँगरमध्ये बोटं गोठलेली असताना, मी फळीवर उताणा होऊन पोट घासतोय आणि वरून टॉर्च. दोनदा मी बोलायचा प्रयत्न केला. एकदा त्यांनी टायरची हवा मोजायला घेतली, एकदा म्हणाले, "अर्धा उन्हाळाच तर गेला. पुढचा आहेच."

पुढचा नव्हता. एप्रिलमध्ये त्यांचं वजन झपाट्याने उतरलं, सारखी तहान लागायला लागली. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं. तेव्हाचा कायदा सरळ होता. इन्सुलिन घेणाऱ्याला विमान चालवता येत नसे, कधीच. बंदी उठायला सहा आठवडे होते.

नलिनीवहिनींनी फोनवर सांगितलं. "मागचा उन्हाळा त्यांचा शेवटचा होता हो भाऊजी. चांगले धडधाकट होते. आणि त्यातला अर्धा त्यांनी त्या वेंधळेपणापायी घालवला. आयुष्यभर दुसऱ्यांना नाही नाही ते तपासायला लावलं, आणि स्वतः एक दांडा काढायला विसरले. मी चांगली बोलले त्यांना."

मी स्वयंपाकघरात फोन धरून उभा होतो. आता तरी सांगायला हवं होतं. मी "हो ना" म्हणालो. त्या "हो ना"ची मला आजही शरम वाटते.

त्या पानगळीत माझी ओहायोत, डब्लिनला बदली झाली. क्लबातला हिस्सा सोडला. शेवटच्या शनिवारी मी सबनिसांना म्हटलं, चला, वर जाऊन येऊ. त्यांनी आधी नाही म्हटलं, मग विमानाभोवती दोन फेऱ्या घालून उजव्या आसनावर बसले. धावपट्टीवर, वर चढताना, वळताना, सगळीकडे त्यांच्या सूचना. नाक खाली, उजवा पाय, वेग बघ, ते ढग बघ. मी मनातल्या मनात शंभर आकडे मोजले. त्यांचे हात मात्र मांडीवर. वळताना नुसती बोटं हलायची, तीही लगेच थांबायची.

"वहिनींना सांगू का?" मी विचारलं.

"काय?"

"दांड्याचं."

"कशाला? पंचवीस वर्षांत तिला पहिल्यांदा माझी चूक सापडली. राहू दे तिच्याकडे." आणि ते खरंच हसले. मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

तीन हजार फुटांवर विमान सरळ झालं. मी म्हटलं, "घ्या जरा. धरा."

"मला परवानगी नाही."

"तुमच्याबरोबर मी आहे, परवाना माझा आहे. धरा हो."

"नाही."

माझं डोकं सणकलं. हा माणूस माझ्यासाठी खोटं लिहितो, आणि स्वतःसाठी एवढंसुद्धा करत नाही. मी दोन्ही हात सुकाणूच्या चाकावरून काढून वर धरले. "मीही नाही धरत. बसा."

"अरे काय करून राहिला तू!" ते ओरडले. पण हात मांडीवरच. विमान कुणाच्याही हाताशिवाय शांतपणे पुढे चाललं होतं. खाली मका कापून झालेला, शेतं पिवळी. मग बऱ्याच वेळाने डावा पंख किंचित खाली जायला लागला. मी हात वरच ठेवले. पंख आणखी खाली गेला. सबनीस समोर बघत होते. मग त्यांचा डावा हात उठला, दोन बोटं त्यांच्या बाजूच्या चाकावर टेकली, आणि पंख वर आला, इतका हळू की कधी आला ते कळलं नाही. बोटं तिथेच राहिली. मी माझे हात मांडीवर ठेवले आणि उतरायची वेळ होईपर्यंत उचलले नाहीत.